मोटारीची मागची काच

मोटारीची पुढची काच फुटली म्हणजे गाडी जागच्या जागी थांबते. मागची फुटली तर ती चालूच राहते, आणि खरी काळजी करावी अशी गोष्ट नेमकी हीच आहे. चालकाच्या डोळ्यांसमोर काही अडचण नसते. इंजिन चालते, ब्रेक लागतो, भोंगा वाजतो. मग प्लॅस्टिकचा एखादा कागद चिकटपट्टीने लावला जातो, 'पुढच्या आठवड्यात बघू' असे म्हटले जाते आणि तो आठवडा पाहता पाहता महिन्याएवढा लांबतो. हे लांबणीवर टाकणे किती महागात पडू शकते, याची कल्पना सुशिक्षित मोटारमालकांनाही पुष्कळदा नसते.

उदाहरणादाखल उज्जैनचेच घ्यावे. मराठी माणसाला हे गाव परके नाही. १८१० पर्यंत ती शिंद्यांची राजधानी होती. महाकालेश्वराच्या मंदिराचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धार राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला. गोपाळ मंदिर आणि पटणी बाजार यांच्या अवतीभवतीचे रस्ते पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाने आखले गेलेले. त्यात आज मोटारी शिरतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'महाकाल लोक' खुले झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी आणखी वाढली. अशा गल्लीत समोरून दुसरी गाडी आली की एका चालकाला मागे सरावेच लागते. त्या वेळी गाडीच्या मागे कोण असते? फुलांची टोपली घेऊन बसलेली माळीण असते, रवंथ करीत उभी असलेली गाय असते, आजीचे बोट सोडून पुढे धावलेले एखादे मूल असते. प्लॅस्टिकच्या सुरकुतलेल्या कागदातून यांपैकी कोणीही दिसत नाही. आतल्या आरशात दिसतो तो केवळ पांढुरका धूसर उजेड. मागची काच चालकाला पाहण्यासाठी बसवलेली असते हे खरे. पण तिचा लाभ मुख्यतः गाडीबाहेरच्या माणसांना होतो, आणि तिची दुरुस्ती रेंगाळते त्याचे कारणही बहुधा हेच असावे.

दुसरा धोका गाडीच्या आतला आहे आणि तो दिसत नाही. मोटार वेगाने पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तेथे हवेचे भोवरे तयार होतात. धुराची नळी त्याच बाजूला असते. मागे भगदाड असेल तर धूर बाहेर विरून जाण्याऐवजी त्यातून आत ओढला जाऊ लागतो. या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला ना रंग, ना वास. डोके दुखणे, भोवळ, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. आणि मागच्या आसनावर झोपलेल्या मुलाच्या बाबतीत ती साध्या झोपेपासून ओळखूही येत नाहीत. माळव्याच्या वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा बाजूच्या काचा बंद करून, आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणारे वातानुकूलन चालू ठेवून, मागे फडफडणाऱ्या कागदानिशी इंदूर गाठायचे, यापेक्षा वाईट व्यवस्था शोधूनही सापडणार नाही. गाडी काच बसवणाऱ्याकडे नेण्यापुरती चालवणे भागच असेल, तर मागची मोकळी जागा शक्य तितकी घट्ट बंद करावी, बाहेरची हवा आत घेणारी व्यवस्था ठेवून पंखा पूर्ण वेगाने चालवावा आणि मागे कोणास बसवू नये. काच घरीच बसवून देणारे कारागीर आता पुष्कळ शहरांत मिळतात. त्यांना बोलावणे अधिक शहाणपणाचे.

पण ही काच मुळात अशी फुटते तरी कशी? पुढच्या काचेवर दगड बसला तर तारा उमटावा तसा एक तडा दिसतो. मागच्या काचेवर तोच दगड बसला की एका क्षणात सबंध काच खडीसाखरेच्या खड्यांसारख्या बारीक दाण्यांचा ढीग होऊन आसनांवर कोसळते. पाहणाऱ्याला वाटते, काच हलक्या प्रतीची असावी. वस्तुतः ती तशी फुटावी म्हणूनच घडवलेली असते.

ज्या घरांत प्रभाकर कंदील जळत असे, तेथल्या वडीलधाऱ्यांना याचे अर्धे उत्तर ठाऊक आहे. कराडजवळ १९१६ साली सुरू झालेल्या ओगले ग्लास वर्क्सने हा कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवला. पेटत्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की ती तडकत असे. थेंब पडतो तेवढीच जागा एकाएकी निवते आणि आकसू पाहते. भोवतालची काच तापून पसरलेलीच असते. त्या ओढाताणीत काच फाटते. दाबाखाली काच विलक्षण तग धरते, ताणाखाली मात्र ती चटकन हार खाते. तिचा हा स्वभाव एकदा ध्यानात आला की पुढचे सारे सोपे होते.

मोटारीच्या मागच्या काचेत याच स्वभावाचा उपयोग करून घेतला आहे. कापून, वळवून तयार केलेली काच भट्टीत ६०० अंशांहून अधिक तापवतात आणि तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे झोत सोडतात. वरची कातडी आधी घट्ट होते. आतला गाभा मागाहून निवतो आणि आकसताना त्या कातडीला आत ओढून धरतो. परिणामी पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. बाहेरच्या आघाताला आधी हा दाब मोडून काढावा लागतो. म्हणून अशी 'टफन्ड' काच साध्या काचेहून चार-पाच पटींनी बळकट ठरते. कंदिलाच्या काचेला झेपणार नाही एवढी तापमानातील तफावतही ती सोसते. परंतु भेग एकदा कातडीच्या पलीकडे गाभ्यात शिरली, की कोंडलेला सारा ताण एकदम मोकळा होतो आणि भेगा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर या वेगाने चहूकडे धावतात. सतराव्या शतकात युरोपातील विद्वान 'प्रिन्स रूपर्टचे थेंब' म्हणून एक गंमत पाहत असत. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकून केलेली ही बाहुली. तिचे डोके हातोडीलाही दाद देत नसे, पण बारीक शेपूट मोडले की सारा थेंब पीठ होई. मोटारीच्या काचेचे शेपूट म्हणजे तिच्या कडा. डिकीत कोंबलेला लोखंडी पाइप बाहेरच्या बाजूने नव्हे, आतून कडेपाशी टेकलेला असतो आणि झाकण आपटताच काच जाते, याचे कारण हेच.

दाणे टोकदार सुरे नसतात; त्यांनी खरचटते, पण मान चिरली जात नाही. शिवाय अपघातात पुढचे दरवाजे अडकले तर ही काच फोडून बाहेर पडता येते. पुढच्या काचेचे काम निराळे. ती फुटली तरी चालकासमोर पडदा टिकला पाहिजे, आणि माणूस बाहेर फेकला जाता कामा नये. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचपात्र पडले. ते तडकले, पण विखुरले नाही, कारण आत वाळलेल्या द्रावणाचा पातळ थर राहिला होता. त्यातून दोन काचांमध्ये थर घालण्याची 'लॅमिनेटेड' काच निघाली. पुढच्या काचेवरचा लहान टवका राळेसारखे द्रव्य भरून बुजवता येतो तो तिच्या या रचनेमुळे. मागच्या काचेला असा उपचार नाही. ती एक तर अखंड असते, नाही तर नसते.

येथे व्यवहाराचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही. हिऱ्याच्या कलमाने रेघ ओढताच ती फुटेल. म्हणून घराच्या खिडक्यांना काच कापून देणारा एखादा दुकानदार 'माप आणा, दोन तासांत कापून देतो' असे म्हणाला, तर तो देईल ती काच साधी असणार, एवढे निश्चित समजावे. जुन्या किंवा उत्पादन बंद पडलेल्या गाड्यांच्या मालकांना हा मोह विशेष पडतो, कारण त्यांची काच सहज मिळत नाही आणि साधी काच पुष्कळ स्वस्त पडते. पण टक्कर झाली तर हीच काच लांब, धारदार पात्यांसारखी फुटून मागे बसलेल्यांच्या मानेमागे येते. दोन-चार हजार रुपये वाचवण्याचा हा मार्ग नव्हे. उज्जैनात काच नसेल तर ५५ किलोमीटरांवरच्या इंदुरातून मागवावी, तेथे नसेल तर पुण्यामुंबईहून. चार दिवस गाडी उभी राहिली तरी चालेल. काच आली की तिच्या कोपऱ्यातील शिक्का वाचावा. भारतीय मानक २५५३ हा सुरक्षा-काचेचा क्रमांक तेथे असावयास हवा. नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये. खरा शिक्का काचेतच उमटवलेला असतो आणि नखाने निघत नाही.

गाडीचे नाव सांगितले म्हणजे काच मिळाली असेही नाही. एकाच गाडीच्या निरनिराळ्या प्रकारांत मागची काच निराळी असते. कोठे धुके घालवणाऱ्या तापतारा असतात, कोठे नसतात. कोठे पुसणीसाठी भोक असते, कोठे रेडिओची एरियल काचेतच छापलेली असते. भोक मागाहून पाडता येत नाही, तारा मागाहून भाजता येत नाहीत. तेव्हा मागणी नोंदवताना गाडीचा सांगाडा क्रमांक द्यावा.

काच बसवण्याची जुनी रीत रबराच्या पट्टीची होती. पट्टीच्या खाचेत दोरी घालून काच चौकटीला लावायची, आणि आतून दोरी ओढत नेली की रबराचा ओठ चौकटीवर चढत जाई. पाहण्यासारखे कसब होते ते, आणि काही जुन्या गाड्यांना आजही तेच लागते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत काच पॉलियुरेथेनच्या डिंकाने चिकटवतात. मिस्तरी जुना डिंक पत्र्यापर्यंत खरवडू लागला तर त्यास थांबवावे. त्याचा पातळ, एकसारखा थर मागे ठेवून त्यावर नवा डिंक घालणे ही योग्य रीत. पत्र्यावर ओरखडा उमटलाच तर तेथे प्रायमर लावल्याखेरीज काच ठेवू देऊ नये. त्या ओरखड्यातून गंज धरतो, गंजावरचा डिंक सुटतो, आणि आषाढात डिकीतील जादा चाक पाण्यात उभे असल्याचे आढळते.

हा डिंक सुकतो कसा, याविषयी बहुतेकांची समजूत उलटी असते. उन्हात ठेवला की वाळेल, असे वाटते. प्रत्यक्षात तो हवेतील बाष्प शोषून घट्ट होतो. म्हणून मे महिन्यातील माळव्याच्या कोरड्या हवेत त्याला अपेक्षेहून अधिक वेळ लागू शकतो, आणि श्रावणातील दमट हवेत, चौकट कोरडी करून घेतलेली असल्यास, तो लवकर धरतो. किती वेळ थांबायचे हे डिंकाच्या प्रकारावर अवलंबून असून ते नळीवर छापलेले असते. तो छापील वेळ पुरा होईपर्यंत गाडी हलवू नये. पहिल्या दिवशी बाजूची एक काच बोटभर खाली ठेवावी. सर्व काचा बंद असताना दरवाजा आपटला तर आतली हवा ओली काच बाहेर ढकलते. दोन दिवस जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नये.

पैशांविषयी थोडे. केवळ तृतीय-पक्ष विमा असेल तर त्यातून काचेचे काही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर मात्र काच हा एक भाग्यवान भाग आहे: रबर व प्लॅस्टिक यांच्यावर घसारा म्हणून निम्मी रक्कम कापतात, काचेवर घसारा धरत नाहीत. परंतु दावा केला की पुढच्या वर्षीची दावा-विरहित सूट सहसा जाते, आणि ती सूट २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असते. लहान गाडीची साधी काच असेल तर पदरचे पैसे भरणे कित्येकदा फायद्याचे ठरते. दावा करायचाच असेल तर दाणे झाडण्यापूर्वी छायाचित्रे काढावी आणि कंपनीला कळवावे. दुरुस्ती झाल्यावर कळवण्यात अर्थ नाही.

नवी काच बसली की काही हौशी मंडळींना तिच्यावर काळी फिल्म चढवावीशी वाटते. मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काळ्या फिल्मविरुद्ध निर्णय दिलेला आहे. ऊन टाळण्याचे इतर उपाय आहेत. कर्कवृत्त उज्जैनच्या अगदी जवळून जाते, जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा झाडाची सावली हाच त्यांतला उत्तम.

काम संपल्यावर पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्या. तापतारांची कळ दाबून काही मिनिटांनी काचेला हात लावावा. ती कोमट लागली नाही तर जोडणी राहिली आहे. डिंकाने सांगितलेला वेळ सरल्यावर काचेवर नळाचे पाणी सावकाश सोडून डिकीत बोट फिरवावे. आणि मागच्या आसनाचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून पाहावे. फुटलेल्या काचेचे दाणे त्यांच्या खाचेत शिरून पट्टा अडकतो, आणि ही गोष्ट झाडणाऱ्याच्या ध्यानी क्वचितच येते. आसनांच्या शिवणींतून निर्वात झाडूची नळी दोनदा फिरवावी, मुलाचे आसन असेल तर ते उचलून त्याखाली पाहावे. एवढे करूनही एखादा दाणा दिवाळीच्या साफसफाईत कोपऱ्यातून निघतोच.