नवा महाग फोन : गरज की हौस?

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मजसारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाने फोनविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा प्रश्न यंत्राचा नसून घरखर्चाचा आहे, आणि हिशेब तर मी आयुष्यभर शिकवीत आलो.

माझ्या नातवाने आयफोन १७ चा हट्ट धरला. २०२५ साली तो आला, तेव्हा आपल्याकडे त्याची किंमत ८२,९०० रुपयांपासून सुरू झाली. जुन्याला काय झाले, असे विचारता तो म्हणाला, "दुपारीच चार्जिंग संपते." अहो, हा दोष बॅटरीचा! वापराने झिजणे हा तिचा धर्मच आहे. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर ८० टक्के क्षमता राखतील अशा बेताने बनविल्या आहेत, असे खुद्द ॲपल कंपनीच सांगते.

"पण हप्ता बिनव्याजी आहे," हा त्याचा दुसरा मुद्दा. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बजावले आहे. ते व्याज पुष्कळदा प्रक्रिया-शुल्काच्या रूपाने वसूल होते.

त्याच महिन्यात त्याच्या धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी भरावयाची होती. फोनची किंमत आणि ती फी, दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडून मी त्याच्यापुढे ठेवले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, बॅटरीच बदलू या."

नवा फोन कधीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याची उपजीविका छायाचित्रणावर आहे, त्याचे ते अवजारच होय. ज्या फोनला सुरक्षिततेचे अपडेट येणे थांबले, त्यावर बँकेचे व्यवहार करणेही धोक्याचे. म्हणून घेतेवेळीच ती मुदत विचारावी. २०२४ च्या गॅलॅक्सी एस२४ साठी सॅमसंगने सात वर्षांची हमी दिली आहे. मग असा फोन दोन वर्षांत बदलावयाचा कशासाठी?

मुलांना तरी दोष का द्यावा? लग्नकार्यात कोणाच्या हाती कोणता फोन आहे, हे आपण वडील माणसेच न्याहाळतो. ती नजर आपण आधी बदलू या, आणि खरेदीपूर्वी तो दोन आकड्यांचा कागद घरोघरी मांडू या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.