‘स्वामी’चा जिव्हाळा



राणीसावरगावात परवा एका ओसरीवर बसलो होतो. आजीबाई शेंगा फोडीत होत्या आणि बोलता बोलता विषय निघाला ‘स्वामी’ मालिकेचा. १९८०च्या दशकात त्या काही दिवस मुंबईला भावाकडे होत्या. चाळीतल्या एकुलत्या टी.व्ही.पुढे दाटीवाटीने बसून त्यांनी ती पाहिलेली. मी विचारले, “आजी, माधवराव जाणार हे आधीच ठाऊक. मग पाहण्यात गोडी ती कसली?” त्या म्हणाल्या, “हरिश्चंद्राचं आख्यान कितींदा ऐकलंय? शेवट ठावं हाय म्हून कीर्तनातून कोनी उठून जातंय का?”

मला वाटते, यात सगळे आले.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ कादंबरी १९६२ साली निघाली. तिला १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यावरून ही मालिका केली गजानन जागीरदारांनी. १९४४च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात रामशास्त्री झाले होते, तेच हे जागीरदार. रवींद्र मंकणी माधवराव झाले आणि शाळकरी वयाची मृणाल देव रमाबाई. पुढे मृणाल कुलकर्णी झालेल्या याच रमाबाईंनी २०१४ साली ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात स्वतः गोपिकाबाई रंगवली. सून होती ती सासू झाली! विषय काही सुटला नाही.

आता, पगड्या, अंगरखे आणि नऊवारी पाहायला लोक बसतात असे कुणी म्हणेल. कपडे डोळ्यांना सुखावतात, नाही कशाला म्हणा? पण तेवढ्यावर जीव जडत नाही. १७६१च्या जानेवारीत पानिपत झाले. त्याच जूनमध्ये नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांच्या पोरावर दौलत येऊन पडली. वर कर्ज आणि घरात चुलता. राघोबादादांशी आळेगावला लढाई झाली, तीत पुतण्या स्वतः चुलत्याच्या छावणीत जाऊन स्वाधीन झाला. बांधावरून भावकीत कोर्टकचेऱ्या करणाऱ्या आपल्या गावांना हे काय समजावून सांगायचे? शनिवारवाडा एवढा मोठा खरा, पण दुखणे आपल्याच वाड्यातले.

शिक्षकमित्रांनो, आपल्या मुलांना ही गोष्ट केवळ पुण्याची वाटू देऊ नका. १० ऑगस्ट १७६३ची राक्षसभुवनची लढाई आपल्याच गोदावरीकाठची, बीड जिल्ह्यातली. नदी फुगलेली, निजामाची काही फौज पार गेलेली आणि काही मागे अडकलेली. मराठ्यांनी तिला गाठले, आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. नकाशावर बोट ठेवून तीच नदी खाली गंगाखेडपर्यंत आणा. शिवाय हेही सांगा, की या विजयानंतरही आपला मुलूख १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला. मग पोरे विचारतील, “गुरुजी, आपण कुणीकडचे?” आणि विचारावेच त्यांनी.

त्याहून अवघड प्रश्न शेवटी येतो. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव क्षयाने गेले, वय अवघे सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. त्या कथेचा सारा ओघच असा, की तिथे कंठ दाटून येतो आणि हात आपोआप जोडले जातात. माझेही जोडले गेले. पण त्याच दशकात, १९८७च्या सप्टेंबरात, राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची मुलगी चितेवर गेली आणि सरकारला सतीविरुद्ध नवा कायदा करावा लागला. पडद्यावरचा वियोग गोड लागतो, ती आग गोड नव्हती. आजीबाईंना मी हे बोलून दाखवले. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. म्हणाल्या, “तवा रडले मी. पर नात संगं असती तर टी.व्ही. बंद करून तिला जवळ घेऊन बोलले असते.”

आपल्या शाळांच्या सहली अष्टविनायकाला जातात, थेऊरच्या चिंतामणीचे दर्शन घेतात आणि लगेच मोटारीत बसतात. पुढच्या खेपेस अर्धा तास जास्तीचा ठेवा. मुलामुलींना नदीकाठच्या समाधीपाशी न्या, गोष्ट पुरी सांगा, आणि मग मुली काय विचारतात ते ऐका.