छतावरची पंचवीस वर्षे



आपल्या हट्ट्याची बावडी कित्येक पिढ्या टिकली. सौर पॅनेलही तसेच टिकेल, असे आपण गृहीत धरतो. २०२४ साली पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागले आणि गावोगावच्या छतांवर पॅनेल चढू लागली. पण पॅनेल एकाएकी बंद पडत नाही, ते हळूहळू झिजते.

बहुतेक कंपन्या २५ वर्षांनंतरही मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के विजेची हमी देतात. अमेरिकेतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१२ साली जगभरच्या सुमारे दोन हजार नोंदी ताडल्या, तेव्हा झीज वर्षाला साधारण अर्धा टक्का निघाली. आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१३ पासून आपल्या देशात पाहणी केली. उष्ण भागात आणि छतावरच्या छोट्या संचांमध्ये झीज जास्त दिसली. ती दीड टक्का धरली, तर २५ वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश वीज जाते!

उन्हाने पॅनेल तापले की वीज तेवढ्यापुरती कमी होते. दर अंशाला साधारण ०.४ टक्का. ऊन उतरले की ती भरून येते. खरी झीज परत येत नाही. काचेखालचा थर पिवळा पडतो, ओल शिरून सांधे गंजतात. बसवताना कुणी पॅनेलवर पाय दिला, तर न दिसणाऱ्या भेगा पडतात.

म्हणून आम्ही मंडळातर्फे तीन गोष्टी सुचवतो. पॅनेल सकाळी थंड असताना साध्या पाण्याने धुवावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. वर कुणाला चढू देऊ नये. आणि जशी धानाची नोंद ठेवतो, तशी दरमहा किती युनिट वीज तयार झाली, ते वहीत लिहावे. यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलशी ताडावा, मे महिन्याशी नव्हे. हमीचा कागद आणि पॅनेलचे क्रमांकही त्याच वहीत ठेवावेत.

पंचवीस वर्षांनी दावा करायची वेळ आपल्या मुलांवर येईल. तेव्हा त्यांच्या हाती आठवणी नकोत, आकडे हवेत.

गणपती बाप्पा मोरया!