गृहिणीची हुशारी आणि सट्ट्याचा बाजार
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सट्टा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतात. परंतु जपानमधील गृहिणी चलनाच्या सट्ट्यामुळे जगभर प्रसिद्ध झाल्या. त्यांची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. देश दूरचा आहे, पण धडा आपल्या घरचा आहे.

जपानमध्ये घरखर्चाची सूत्रे परंपरेने पत्नीच्या हाती असतात. पुष्कळ घरांत नवरा पगार तिच्या स्वाधीन करतो आणि तीच त्याला हातखर्च देते. १९०४ साली हानी मोतोको या पत्रकार बाईंनी घरखर्चाची वही छापून प्रसिद्ध केली. चोख हिशेब हे तेथे चांगल्या गृहिणीचे लक्षण समजले जाते. खर्चातून वाचवून, कोणाला न सांगता बाजूला ठेवलेल्या पैशाला तिकडे ‘हेसोकुरी’ असा खास शब्दच आहे. आपल्याकडे आई डाळीच्या डब्यात नोटा ठेवते, तसाच हा प्रकार.

मग ही काटकसरी बाई सट्ट्याकडे का वळली? एक कारण पैशाचे. १९९९ साली तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर जवळजवळ शून्यावर आणला. ठेवीवर काही मिळेना. १९९८ मध्ये परकीय चलनाचे निर्बंध सैल झालेलेच होते. थोडी अनामत भरून तिच्या कितीतरी पट, काही ठिकाणी शंभर पटही, व्यवहार करता येई. २००७ साली जपानचा व्याजदर अर्धा टक्का, तर न्यूझीलंडचा सव्वाआठ टक्के होता. येन विकून तिकडचे चलन घेतले की व्याजातला फरक पदरात पडे. अशा लहान गुंतवणूकदारांना बाजाराने ‘मिसेस वातानाबे’ हे नाव दिले. त्यांत पुरुषही पुष्कळ होते, पण नाव पडले ते गृहिणीचे.

दुसरे कारण रीतिरिवाजाचे, आणि तेच मला महत्त्वाचे वाटते. शिकलेल्या कितीतरी मुली लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर नोकरी सोडत. पुन्हा काम शोधावे, तर बहुधा कमी पगाराचे, अर्धवेळचेच मिळे. घरी बसून, मुले शाळेत गेल्यावर, संगणकावर केलेल्या व्यवहाराला मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती. जिच्या हुशारीला दाराबाहेर वाट नव्हती, तिने ती घरातच शोधली.

पुढे काय झाले? २००८ च्या मंदीत येन एकाएकी महागला. २००७ मध्ये शंभर येनच्या वर असलेला ऑस्ट्रेलियन डॉलर ऑक्टोबर २००८ मध्ये साठाच्या खाली आला. दहापट व्यवहार करणाऱ्याची अनामत भाव दहा टक्के घसरताच संपते, हे साधे गणित आहे. अनेकांची वर्षांची पुंजी गेली. त्यानंतर सरकारने २०१० मध्ये पन्नास पट आणि २०११ मध्ये पंचवीस पट अशी मर्यादा घातली.

आज तोच बाजार आपल्या घरातील मोबाईलवर आला आहे. शेअर बाजारातील वायदे व्यवहारांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरातील ९३ वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात गेले, असे ‘सेबी’ने २०२४ मध्ये दाखवून दिले. जुगार आपल्या धर्मात हराम आहे, हे आपणांस सांगावयास नको. परंतु नुसते ‘हराम’ म्हणून आपले काम संपत नाही. हुशार हातांना हलाल काम मिळवून देणे, हेही आपलेच कर्तव्य आहे.

म्हणून पालकांनो, मुलीला पदवी देऊन तिची पुस्तके माळ्यावर टाकू नका. तिला काम करू द्या. घरचा हिशेब तिच्याशी उघडपणे बोला, म्हणजे तिला लपवून काही करावे लागणार नाही. भगिनींनो, तोटा झाला असेल तर तो भरून काढण्यासाठी आणखी पैसे घालू नका, घरात सांगा. आणि मुलींनो, कोणी झटपट नफ्याची गोष्ट काढली, तर आधी विचारा : बुडाले तर किती बुडेल?