कॉट्सवोल्डची दगडी घरे



विलायतेची म्हणून जी चित्रे आपण दिनदर्शिकांवर पाहतो, त्यांत मधाच्या रंगाच्या दगडी घरांची एक रांग पुष्कळदा असते. ग्लॉस्टरशायरमधील बायबरी गावची ही आर्लिंग्टन रो. कोणा सरदाराने हौसेने बांधली असावी, असा आपला समज होतो. वस्तुतः सुमारे १३८० साली ती लोकरीची वखार होती. सतराव्या शतकात तिच्यातच विणकरांची बिऱ्हाडे झाली.

या कॉट्सवोल्ड प्रदेशाच्या पोटात चुनखडीचा दगड आहे. त्यातील लोहामुळे तो पिवळसर दिसतो. खाणीतून निघताना ओला व मऊ, वाऱ्यावर कठीण होणारा. कोकणचा जांभा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नव्याने सांगावयास नको. भिंती त्याच्याच आणि छप्परही त्याचेच. छपराची कथा आम्हांस विशेष वाटते. स्टोन्सफील्ड येथे खाणीतील ओले दगड हिवाळ्यात उघड्यावर पसरीत. आतले पाणी गोठून फुगे आणि दगडाचे पापुद्रे सुटत. पहारीचे काम थंडीने करावे! मात्र दगड आधीच वाळला, तर तो फुटेनासा होई. म्हणून त्यास जपून ओला ठेवावा लागे. या फरश्या लाकडी खुंट्यांवर टांगीत, वळचणीशी सर्वांत मोठ्या, आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या. दगड पाणी शोषतो, म्हणून उतारही चांगला उभा. शोभा त्यातून आपसूक आली.

ही घरे टिकली ती मात्र शोभेमुळे नव्हे. यंत्रयुगात लोकरीचा धंदा यॉर्कशायरकडे गेला, गावे दरिद्री झाली, आणि जुने पाडून नवे बांधण्यास कोणाजवळ पैसा उरला नाही. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ संस्था काढली, १९४९ मध्ये आर्लिंग्टन रो नॅशनल ट्रस्टकडे आली, हे सर्व पुढचे.

आज कायद्याने नोंदलेल्या अशा घराची खिडकी बदलावयाची तरी परवानगी लागते. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या आम्हांला त्यात वावगे वाटत नाही. खटकते ते निराळेच. शहरातील धनिकांनी सुटीसाठी अशी घरे घेतली, किमती चढल्या, आणि ज्या घरांत मजूर राहत, ती त्याच गावच्या मजुराला आता परवडत नाहीत. आर्लिंग्टन रोमध्ये मात्र ट्रस्टचे भाडेकरू अजून नांदतात, आणि त्यांच्या दारांवरून पर्यटकांची रीघ दिवसभर चालू असते.