गांधीलमाशीची वारसदार
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातल्या संधी आणि आपली मुलं’. त्यावर बोलू शकतील असे आपल्या वर्गातच सात-आठ जण बसले आहेत, आणि ते सगळं तुमच्या मोबाईलवर रोज येतच असतं. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. आज मी गांधीलमाश्यांवर बोलणार आहे. हसा खुशाल, पण थोडा वेळ ऐका.

कारण घरातलंच आहे. माझ्या ताईची मुलगी एमएस्सी झाली, नेट उत्तीर्ण झाली आणि आता तिला कीटकांच्या वर्तनावर पीएचडी करायची आहे. घरात वातावरण तापलं. “माश्या बघून पोट भरतं का?” हा प्रश्न तुम्हाला ऐकू आला असेलच. घरातली इंजिनिअर मी, त्यामुळे फोन मला आला. “तू समजाव तिला, डेटा सायन्सचा एखादा कोर्स करायला सांग.” समजावायचं तर तिला काय करायचं आहे ते आधी मला समजायला हवं. मी तिला म्हटलं, “ज्यामुळे तुला हे करावंसं वाटलं असं एकच संशोधन मला सांग. मी ते वाचते, मग बोलू.” “मावशी, खरंच वाचशील?” असं विचारून तिने जे सांगितलं, ते तुम्हाला सांगते.

आपल्या शाळेच्या खिडक्यांच्या गजांना आणि जिन्याखाली गांधीलमाश्यांची घरं लागायची, आठवतंय? कागदासारखी, राखाडी, एका देठावर लटकलेली. शिपाईमामा काठीला चिंधी गुंडाळून रॉकेल लावून यायचे आणि पाच मिनिटांत काम तमाम. दक्षिण भारतभर आढळणारी यातली एक जात म्हणजे रोपालिडिया मार्जिनाटा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर रेणवीय जीवशास्त्रात पीएचडी करत होते, तेव्हा फावल्या वेळात ते या माश्या पाहत बसायचे. छंद एवढा वाढला की पुढे तोच आयुष्याचा विषय झाला. त्याच संस्थेत पुण्याच्या माधव गाडगीळांनी परिस्थितिकी विज्ञानाचं केंद्र उभं केलं आणि तिथे गदगकरांच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या या एका माशीवर पीएचडी करत राहिल्या.

काम कसं चालतं ते ऐका. प्रत्येक माशीवर लवकर वाळणाऱ्या रंगाचे बारीक ठिपके द्यायचे, म्हणजे तिची ओळख पक्की. मग घरासमोर बसायचं आणि ठरवलेल्या वेळांना कोण काय करतंय ते लिहायचं. बसली आहे, चालते आहे, अन्न घेऊन आली, दुसरीवर चढली. तासन् तास, दिवसामागून दिवस. १९८३ साली गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी अशा नोंदींवर ‘प्रिन्सिपल कॉम्पोनंट ॲनालिसिस’ केलं. आम्ही ऑफिसात ग्राहकांचे गट पाडायला वापरतो तेच गणित. माश्यांचे तीन गट पडले: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणायला जाणाऱ्या. आणि राणी कुठे सापडली? बसणाऱ्यांत! घरात अंडी घालणारी ती एकटी, पण ना दरारा ना मारामारी. (घरात राबणाऱ्या सगळ्या माद्या, नर थोड्या दिवसांत घर सोडून जातात. यावर माझं काही म्हणणं नाही.)

आता खरी गंमत. ही शांत राणी घरातून काढून घेतली तर थोड्याच वेळात एक कामकरी माशी अचानक आक्रमक होते. एकच, बाकीच्या नाहीत. राणी परत ठेवली की तीही गप्प. राणी परत आलीच नाही, तर हळूहळू तिचा तापटपणा ओसरतो, आठवड्याभरात ती अंडी घालू लागते आणि नवी राणी बनते. म्हणजे ही वारसदार. पण राणी असताना ती ओळखायची कशी? आकार पाहिला, वर्तन पाहिलं, भांडणातला क्रम पाहिला. वर्षानुवर्षं नोंदी असूनही राणी काढण्याआधी वारसदार कोण हे संशोधकांना सांगता येईना.

इथे अनिंदिता भद्रा या विद्यार्थिनीने आणि गदगकरांनी प्रश्न फिरवला. आपल्याला कळत नाही हे ठीक, पण माश्यांना कळतं का? माशीला विचारणार कसं? म्हणून त्यांनी असं केलं: घराचे दोन तुकडे करून मधे जाळी लावली आणि माश्या कशाही, निवड न करता, दोन्हीकडे वाटल्या. राणी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला राणी नाही, म्हणून तिथे एक माशी आक्रमक झाली. तिला म्हणू पहिली दावेदार. आता राणी आणि या दावेदारीची अदलाबदल करायची. वारसा आधीच ठरलेला असेल, तर दोनच शक्यता उरतात. खरी वारसदार नशिबाने बिनराणीच्या बाजूला पडली असेल, तर पहिली दावेदार तीच, आणि पलीकडच्या माश्याही तिला मानतील. पण ती राणीच्या बाजूला पडली असेल, तर पहिली दावेदार नुसती जागा रिकामी दिसली म्हणून पुढे आलेली. ती पलीकडे गेली की तिला कुणी मानणार नाही, तिथली दुसरीच एक पुढे येईल, आणि त्या दुसरीला मात्र दोन्हीकडच्या माश्या मानतील. वारसा ठरलेलाच नसेल, तर सगळा गोंधळ, तिसरी, चौथी, कुणीही.

झालं अगदी पहिल्यासारखं. काही घरांत पहिली दावेदार टिकली, काही घरांत दुसरी आली. तिसरी कधीच आली नाही. दुसरी आल्यावर तिला कुणी आव्हान दिलं नाही, कालपर्यंत तोऱ्यात असलेल्या पहिलीनेसुद्धा नाही. म्हणजे वारसदार ठरलेली असते आणि माश्यांना ती ठाऊक असते. हा निबंध २००८ साली छापून आला. सामान काय लागलं? जाळी, पिंजरे, रंगाच्या बाटल्या आणि भरपूर चिकाटी.

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले, कारण हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. पाच सर्व्हर एकत्र काम करतात, त्यातला एक मुख्य. तो बंद पडला तर पुढचा मुख्य कोण? यावरची ‘राफ्ट’ नावाची प्रसिद्ध पद्धतही एका पीएचडीच्या विद्यार्थ्याचीच, स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारोची, २०१४ सालची. त्यात मुख्य गप्प झाला की प्रत्येक सर्व्हर थोडा वेगवेगळा वेळ वाट पाहतो, ज्याचा धीर आधी सुटतो तो उमेदवारी जाहीर करतो, बाकीचे मत देतात, बहुमत लागतं. मतं फुटली तर पुन्हा निवडणूक. गांधीलमाश्या मतदान न घेता भागवतात. एवढंच नाही, आलोक बंग या विद्यार्थ्याने गदगकरांबरोबर २०१२ साली दाखवलं की वारसदारालाही काढलं तर तिच्यामागची पुढे येते, तिला काढलं तर तिच्याही मागची. सरळ रांग लागलेली असते आणि रांगेत ढकलाढकली नाही. मुंबईच्या लोकलने येणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

राणीची सत्ता वासावर चालते, हेही तिथल्या विद्यार्थ्यांनीच शोधलं. ती पोटाचं टोक घरावर घासत फिरते आणि ड्यूफोर ग्रंथीतला स्राव तिथे लागतो. तो वास आहे तोवर ‘राणी हजर’.

आता ताईच्या घरच्या प्रश्नाकडे येते, कारण भाऊजींची काळजी खोटी नाही. संशोधनवृत्ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. कधी ती महिनोन् महिने हातात पडत नाही. पाच-सहा वर्षं जातात. त्यानंतर बहुतेकांना आणखी काही वर्षं परदेशी किंवा इथेच तात्पुरत्या जागांवर काढावी लागतात आणि पक्क्या नोकऱ्या मोजक्याच. तिच्याबरोबर पदवी घेतलेली मुलं तोवर फ्लॅटचे हप्ते फेडत असतील. हे मी तिला आकडे मांडून सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “आणि तुझ्याकडे पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या किती जणांना सोमवारी कामावर जावंसं वाटतं?” याचा आकडा माझ्याकडे नव्हता.

‘उपयोग काय’ याचं उत्तर मी ताईला देऊ शकले असते. या माश्या अळ्या मारून पिल्लांना भरवतात, बागेला फायदा होतो वगैरे. पण जाळीचा तो प्रयोग बागेसाठी केला नव्हता. ताईला मी एवढंच कळवलं की मुलीला समजावण्याचं काम मी घेत नाही. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे, तिकीट मी काढून दिलं आहे. भाऊजी माझ्याशी सध्या कामापुरतं बोलतात.

वारसदार नेमकी कशावरून ठरते, माश्यांना ती कशी ओळखू येते, यावर काम अजून बाकी आहे. मुलाखतीत तेच विचारतील, असं तिला वाटतं.

आज सकाळी लवकर आले होते. पाण्याच्या टाकीमागे जिन्याखाली एक घर लागलेलं आहे, आठ-दहा माश्या असतील. मुख्याध्यापकांना विनंती करून ते आजचा दिवस तसंच ठेवलं आहे. जेवणानंतर ज्यांना यायचं त्यांनी माझ्याबरोबर या. चार हात लांब उभं राहायचं, फुंकर मारायची नाही, फोटोसाठी फ्लॅश नाही. राणी कोणती हे मात्र मला विचारू नका. तिथे कुणी अजून रंगाचे ठिपके दिलेले नाहीत.