दारापासून हॉलपर्यंत : तीन फुटांचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मार्गदर्शन’ असं छापलंय. ते जरा जास्तच झालं. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे मला फक्त हिशेब करता येतो. आज हिशेब पैशांचा कमी आणि इंचांचा जास्त आहे.

आपल्या वन बीएचकेंमध्ये दार उघडलं की हॉलपर्यंत जो बोळ आहे, त्याची रुंदी तीन फूट. म्हणजे 36 इंच. पंचवीस वर्षांत माणसं वाढली, चपला वाढल्या, हेल्मेटं आली, बोळ तेवढाच राहिला. मग चपला कुठे गेल्या? बाहेर, जिन्यावर. कमिटीने तीनदा नोटीस लावली. उपविधींत आहेच, जिना आणि लँडिंग सामायिक जागा, तिथे काही ठेवायचं नाही. पण माझं स्पष्ट मत आहे, नुसत्या नोटिशीने चपला आत जात नाहीत. आत त्यांना जागा करावी लागते.

हा विषय मी का निवडला, तेही सांगतो. मागच्या पावसाळ्यात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांना रात्री स्ट्रेचरवरून खाली न्यावं लागलं. लँडिंगवर स्ट्रेचर वळेना. दोघांनी शू रॅक उचलून वरच्या जिन्यात नेला, सगळ्या चपला पायऱ्यांवर पसरल्या, आणि स्ट्रेचर धरणाऱ्यांना त्या अंधारात पायाने बाजूला साराव्या लागल्या. ते गृहस्थ आज समोर बसले आहेत, ठणठणीत आहेत, म्हणून बोलतो आहे. आग लागली तर हाच जिना आपला एकमेव रस्ता आहे, लिफ्ट वापरायची नसते.

आता घरात या. मी पहिल्यांदा मोजदाद केली. आम्ही चौघं, आणि जोड निघाले 23! रोजच्या वापरातले फक्त 9. लग्नाकार्याचे जोड खोक्यात घालून बेडच्या कप्प्यात गेले, तीन भंगारात. (दोनांवर सौ.ची हरकत होती, ते माळ्यावर आहेत.) आधी रॅक आणायचा आणि मग चपला मोजायच्या, हा उलटा कारभार. कर्ज देऊन मग पगार विचारण्यासारखा.

बाजारात मिळणारा साधा रॅक सुमारे 12 इंच खोल असतो, कारण चप्पल सरळ ठेवायची तर तेवढी लागते. 36 मधून 12 गेले, उरले 24. चाकाची खुर्ची साधारण 25 इंच रुंद असते. ती आत येणारच नाही. म्हणून मी पुढे कलंडणाऱ्या कप्प्यांचा रॅक करून घेतला. त्यात जोडे तिरके उभे राहतात, खोली 7 इंच पुरते. उरले 29. स्वयंपाकघराच्या कामातलं प्लायवूड उरलं होतं, तेच वापरलं. रॅक भिंतीला स्क्रूने आवळायचा बरं का, नाहीतर पोरं कप्पा ओढतात आणि अख्खा रॅक अंगावर येतो. आणि तो दाराच्या पानामागे नको. दार पुरतं उघडलं पाहिजे.

ड्रिल मारताना एक सांभाळा. बेलच्या आणि लाइटच्या बटणाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

रॅकच्या वर हुकांची पट्टी. किल्ल्या, पिशव्या, कुत्र्याचा पट्टा, ज्याचं जे असेल ते. हेल्मेटचा हुक मात्र डोक्याच्या उंचीवर नको. ओल्या छत्रीसाठी रंगाचा रिकामा डबा ठेवला, फुकटात काम झालं. पावसात भिजलेले बूट लगेच कप्प्यात कोंबू नयेत, वर्तमानपत्राचे बोळे घालून रात्रभर पंख्याखाली ठेवावेत. नाहीतर बुरशी.

सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उभ्याने चप्पल घालायची म्हणजे भिंत धरायची. म्हणून हॉलच्या तोंडाशी एक स्टूल आणि भिंतीला स्टीलचा आधाराचा दांडा. इथे काटकसर करू नका. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही, तो धरूनच माणूस पडतो. दारात सटकणारं पायपुसणं असेल तर आजच बदला, खाली रबर असलेलं घ्या. आणि माणूस आला की आपोआप लागणारा दिवा लावा. रात्री बटण चाचपडण्यातच तोल जातो.

खर्च सांगतो. सुताराची मजुरी 1,200, बिजागऱ्या आणि स्क्रू 350, हुकपट्टी 180, दांडा 450, दिवा 300, पायपुसणं 120. एकूण 2,600 रुपये. प्लायवूड विकत घ्यावं लागलं तर आकडा वाढेल, हे उघड आहे.

वास्तुशास्त्राप्रमाणे आरसा कुठे, हे मला विचारू नका. आमच्याकडे तो दारालगत आहे, कारण बाहेर पडताना सगळ्यांना तिथेच भांग पाडायचा असतो.

मोजायची टेप माझ्याकडे आहे. ज्यांना आपला बोळ मोजून हवा असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर बेल वाजवावी. चहा आमच्याकडे, चपला मात्र आत काढायच्या.